तात्यांनी आखलेलं चंद्रावरचं जेवण

मंठ्याच्या बोर्डिंगातले आचारी रंगनाथतात्या डोळ्यांवर पंचा बांधून जेवायचे. पोरांच्या पंगती उठल्या की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसायचे, पंचा आवळायचे आणि चाचपडत भाकरी मोडायचे. चटणी समजून मिठाचा खडा तोंडात जायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा बिलकुल. वर अंधारच ऱ्हातो. तिथं मानूस कसा खाईल, ते बघून राह्यलो."

'वर' म्हणजे आभाळात. रशियानं कुत्री वर पाठवल्याची बातमी बाजारातल्या हॉटेलच्या रेडिओवर लागली, तेव्हा लोकांनी विचारलं, ती जगली का मेली? तात्यांनी विचारलं, "तिला खायला काय देल्तं?" त्या दिवसापासून चंद्रावर जाणाऱ्या माणसाच्या जेवणाची काळजी त्यांनी आपल्या अंगावर घेतली.

गावाला करमणूक झाली. "तात्या, चंद्रावर चूल कधी मांडून राह्यले?" असं येताजाता विचारलं जाई. आमच्या गावाला स्वतः विचार करायचा कंटाळा, पण दुसरा करू लागला की फार हसू येतं.

तात्या मात्र बराबर कामाला लागले होते. ज्वारीच्या लाह्या आधी पसंत पडल्या, मग नापसंत झाल्या. "तिथं वजन न्हाई म्हन्तेत. मंग लाही तरंगत जाईल कुठं? नाकात!" म्हणून लाह्यांचं पीठ गुळात वळलं. वाळवलेली मेथी, सांडगे, जवसाची चटणी, हुलगे, सगळं थोडं थोडं. एकच जिन्नस लागोपाठ दोन दिवस नाही. "मास्तर, वर माल कमी पडनार न्हाई. भूक कमी पडती."

मास्तर म्हणजे मी. आमच्या घराण्यात अंगठ्याच्या पुढं गेलेला पहिला माणूस, तोही बी.ए. झालेला; याची मला घमेंड होती आणि ती मी लपवत नसे. म्हणूनच तात्या माझ्याकडे आले. ही योजना दिल्लीच्या शास्त्रज्ञांना इंग्रजीतून कळवायची होती.

त्यांनी सहा कलमं सांगितली. पाच मी लिहिली. सहावं असं होतं: जेवायच्या टायमाला खालून रेडिओवर कुणीतरी त्या माणसाला घरच्या नावानं हाक मारावी आणि 'जेवून घे' म्हणावं. रोज.

हे लिहिलं असतं तर दिल्लीवाले मला हसले असते. तात्यांना नव्हे, मला. खाली सही माझी होती. ते कलम गाळून मी पत्र टाकलं. "लिवलं न समदं?" तात्यांनी विचारलं. "सगळं," मी म्हणालो.

उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी तात्या खोलीवर आले आणि पत्राची नक्कल मराठीत वाचून दाखवा म्हणाले. मी उगाच विचारलं, "तात्या, हे हाकेचं खूळ कुठून काढलंत?"

ते उंबऱ्यावर टेकले. मग बोलले. अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत त्यांनी धाकट्या भावाला, बाबूला, गावाबाहेरच्या रिकाम्या पेवात लपवलं होतं. धान्य साठवायचा तो जमिनीतला खड्डा. वर दगड, आत काळोख आणि पाण्याची घागर. कुणाला संशय नको म्हणून तात्या रोज कडब्याचा भारा घेऊन जात आणि फटीतून भाकरी खाली टाकत.

"हाक मारायची सोय नव्हती. तरनी पोरं उचलनाऱ्या टोळ्या फिरत व्हत्या. मी आल्तो, हे बी त्याला कळू द्याचं न्हाई, न्हाईतर त्योच आवाज देल. पंधरा दिस. वर काढला तवा भाकरीचा ढीग तसाच. नुसतं पानी पेल्ता. आठ दिसांनी गेला." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "भाकरी व्हती, मास्तर. भाकरी व्हती."

मी नक्कल उघडली. पाच कलमं वाचली. पाचव्यापाशी मजकूर संपला. खाली माझी सही होती, तिच्यावर अंगठा ठेवून मी सहावं कलम वाचलं, मोठ्यानं, सावकाश, खरोखर लिहिलेलं असल्यासारखं.

तात्या म्हणाले, "तेवढं परत वाचा."

मी परत वाचलं. या खेपेला शब्द थोडे निराळे आले.