दोन गल्ल्यांचा विरह

आमचे भावोजी कॉफीला मदिरा म्हणतात. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या हॉटेलात बसून ते कॉफी आणणाऱ्या मुरुगेसनला हाक मारतात, "साकी!" तो बिचारा दर वेळी शांतपणे तमिळमध्ये नाव दुरुस्त करतो, "साकी इल्लै, मुरुगेसन." मग पितळी पेला समोर येतो, भावोजी डोळे मिटून एक घोट घेतात आणि म्हणतात, "अंतरंगांत बघ बा, अंतरंगांत!" मुरुगेसन पेल्यात वाकून बघतो. माशीबिशी पडली की काय, अशी त्याला शंका येते.

हे माझ्या थोरल्या बहिणीचे, गोदाअक्काचे, यजमान. तीस वर्षं नोंदणी कचेरीत लोकांच्या जमिनींचे दस्त लिहिले. एकदा बढतीसाठी नवस बोलायला नागूरच्या दर्ग्याला गेले. इथल्या, तमिळ मुलखातल्या, मराठी घरांतून तिथं जायची जुनीच चाल आहे, त्यात नवल नाही. पण तिथं फकिरांची गाणी कानावर पडली आणि घात झाला. बढती मिळाली नाही, प्रेम मिळालं, आणि ते आम्हा सगळ्यांच्या बोकांडी बसलं. फारसीचा गंध नाही, उर्दूचं एक अक्षर येत नाही. सूफी काव्याची तमिळ भाषांतरं वाचतात आणि मराठीत आमचं डोकं खातात.

एकदा ट्यूबलाइटपाशी घिरट्या घालणारा पतंग पालीनं मटकावला. भावोजी गहिवरले. "पाहिलंस? मीपण गेलें. विलय झाला!"

"पालीच्या पोटात झाला," मी म्हटलं.

"तूं कोरडा मनुष्य."

असेन. कोरड्या माणसाच्या घरी निदान वेळेवर भात तरी शिजतो.

सहा वर्षांपूर्वी अक्का तापानं फणफणली होती. सांधे धरलेले, तोंडाला चव नाही. तिनं वाटीभर रस्सम मागितलं. या गृहस्थांनी काय करावं? उशाशी बसून, दुखणं म्हणजे प्रियतमानं पाठवलेला निरोप कसा, यावर व्याख्यान दिलं. चांगलं तासभर! अक्का उठली आणि भिंती धरत धरत माझ्याकडे आली. तापातून उठली, पण परत गेली नाही.

आता आमच्यात माहेरी आलेली बाई आपण होऊन सासरी जात नाही. कुणीतरी घ्यायला यावं लागतं. अक्का रोज दाराकडे बघायची. आणि हे तिकडे ओटीवर बसून सांगायचे, "मागणें आलें कीं प्रेम उतरलें, बा. खरा प्रियकर मागत नाहीं. विरहांतच सगळें आहे!"

डोंबलाचा विरह! त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या. चालत तीन मिनिटं, मध्ये एक पिठाची गिरणी. एवढ्यात कसला विरह होतो?

गेल्या महिन्यात अक्काच्या मुलीनं कोइमतूरहून कळवलं की आईला आता कायमची माझ्याकडे नेते. शुक्रवारची गाडी ठरली. अक्का वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "घ्यायला येत असले तर राहतें मी. विचारून तर ये."

गेलो. म्हटलं, "भावोजी, शुक्रवारी अक्का चालली. पुन्हा यायची नाही. एकदा येऊन 'चल' म्हणा, ती थांबेल."

त्यांनी छातीवर हात ठेवला. "ती इथें आहे."

"तिथं नाही, माझ्याकडे आहे! आणि परवा कोइमतूरला असेल."

"उगे बैस. तुला कळायचें नाहीं."

मी तडक निघालो. आळशीपणाला अध्यात्माचं धोतर नेसवणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अक्काला सांगितलं, "सामान बांध." तिनं बांधलं.

गुरुवारी चारच्या सुमारास दारात ऊद-धूप दरवळला. दर गुरुवारी एक म्हातारा फकीर धुपाटणं घेऊन आमच्या गल्लीतून फिरतो, घरोघरी धूर देतो. आमच्याकडे जरा जास्तच रेंगाळतो आणि काही दिलं तर घेत नाही. मला वाटे, भला माणूस. त्या दिवशी तो पाय ओढत आला, आणि धुपाटणं भावोजींच्या हातात होतं. धुरानं डोळे लाल, खोकून खोकून बेजार.

"माझा पाय सुजलाय," फकीर तमिळमध्ये मला म्हणाला. "यांना म्हटलं, सहा वर्षं दर गुरुवारी मला पाठवता. ती काय नेसली होती, खोकत होती का, हसली का, सगळं परत येऊन सांगायला लावता. आज तुम्हीच चला."

अक्का बाहेर आली. भावोजींनी तोंड उघडलं. आता दिवा, पतंग, मदिरा सगळं निघणार, म्हणून मीही एक झणझणीत टोमणा तयार ठेवला. पण निघाला तो नुसता खोकला. त्यांनी धुपाटणं उंबऱ्यापाशी टेकवलं.

"गोदे," ते शेवटी म्हणाले, "घरांत कोण्ही नाहीं गे."

बस, एवढंच. माझा टोमणा घशातच राहिला. खरं सांगतो, लाज वाटली मला.

'चल' असं ते म्हणालेच नव्हते. पण अक्का चपला शोधायला लागली, आणि त्या गडबडीत एका पायात माझीच चप्पल घालून गल्लीत उतरली.