सुनंदाबाईंच्या मनगटाचा बभ्रा

धुळ्याच्या डॉक्टरांनी सुनंदाबाईंच्या उजव्या मनगटाचा एक्स-रे उजेडाला धरला आणि ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं. लोटन नानांना हायसं वाटलं. बायकोला ते कळलं नाही, कारण नानांच्या चेहऱ्यावर सहसा काहीच दिसत नसे. पाइपच्या कारखान्यात मशीनपाशी त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. तिथे बोललेलं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून नानांची बोलण्याची सवयच सुटली होती.

"सांध्याची झीज आहे," डॉक्टर म्हणाले. "झिजलेलं भरून येत नाही, पण सांभाळलं तर हात चालेल. काम करताना हा पट्टा बांधायचा. गोळी दुखलं तरच, तीही जेवून. गरम पाण्याचा शेक घ्या. पिळणं, मळणं, जड उचलणं बंद. तेवढ्यानं नाहीच भागलं, तर इंजेक्शनचं बघू. काय काम करता मावशी?"

"घरचंच," सुनंदाबाई म्हणाल्या.

सुनंदाबाई खापरावरचे मांडे करायच्या. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत, मनगटावरून फिरवत तो धोतराच्या कापडासारखा पातळ करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यातलं कुठलंही लग्न त्यांच्या मांड्यांशिवाय होत नसे. मागच्या गल्लीतल्या भिकुबाईही मांडे करायच्या, पण सुनंदाबाईंसमोर त्यांचं नाव कुणी काढत नसे.

जळगावात एवढे डॉक्टर असताना धुळ्याला जायचं कारणही हेच. परतीच्या बसमध्ये त्यांनी नवऱ्याला बजावलं, "झीज-बीज काही बोलायचं नाही. हात गेला म्हटलं की गिऱ्हाईक गेलं. लताबाईच्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय. विचारलं तर सांगायचं, बाथरूममध्ये पडली."

नानांनी मान हलवली.

शेजारच्या लताबाईंनी दुसऱ्याच दिवशी पट्टा पाहिला. "काय झालं अक्का?"

"बाथरूममध्ये पडले."

 लताबाईंच्या माहितीतल्या तीन बायका अशाच बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि तिघींचेही नवरे दारू प्यायचे. लोटन नाना पीत नव्हते, पण बोलतही नव्हते, आणि न बोलणाऱ्या माणसाचं लताबाईंना कधीच बरं वाटलं नव्हतं. धुळ्याला गेल्याचं कळल्यावर त्यांची खात्रीच पटली. "इथला डॉक्टर चार प्रश्न विचारतो ना," त्या गल्लीत म्हणाल्या. "म्हणून तिकडे नेलं असंल."

नाना डॉक्टरांचा शब्द पाळत होते. ते ओसरीवर बसून भांडी घासू लागले. धुणं पिळू लागले. कणीक मळताना खिडकीतून दिसू लागले. पूर्वी कधी पाण्याचा पेलाही न उचललेला हा माणूस एवढा राबतोय, याचा गल्लीनं एकच अर्थ लावला. त्याला पश्चात्ताप होतोय. नाना जितकी भांडी घासत, तितका गुन्हा पक्का होत गेला. दुकानदार त्यांच्याशी तुटक बोलू लागला. देवळाच्या पायरीवर त्यांच्याशेजारी कुणी बसेना. नानांनी घरी हे सांगितलं नाही.

रविवारी बोदवडहून सुनंदाबाईंचा धाकटा भाऊ रुपचंद आला. सोबत दोन भाऊबंद होते. मागोमाग लताबाईही आत येऊन बसल्या.

"अक्का, खरं सांग," रुपचंद म्हणाला. "दाजींनी हात मुरगाळला का?"

नानांनी बायकोकडे पाहिलं. एका वाक्यात सगळं मिटणार होतं. सुनंदाबाईंनी आधी नानांकडे पाहिलं, मग लताबाईंकडे, मग त्या जमिनीकडे बघत राहिल्या.  नानांच्या हातातला तांब्या हळूहळू कलत गेला आणि पाणी त्यांच्या पायावर सांडलं.

"बघा," भाऊबंदांपैकी एक म्हणाला. "घाबरला."

रुपचंद उठला आणि त्यानं नानांची कॉलर धरली. तेव्हा कुठे सुनंदाबाई बोलल्या. "सोड त्यांना. झीज झालीये मनगटाची. डॉक्टरनं सांगितलंय."

"झीज गुडघ्याला होते अक्का," लताबाई मायेनं म्हणाल्या. "तुम्ही घाबरू नका. आम्ही बठ्ठे, सगळेच आहोत इथं."

एक्स-रे आणला. तो सगळ्यांनी उलटासुलटा करून पाहिला, आणि हाडं दिसताहेत म्हणजे हात मोडलाच असणार, असं ठरलं.

सुनंदाबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी पट्टा सोडून फेकला. नानांनी सकाळी मळलेली कणीक तयार होती, पुरणही होतं. त्यांनी परसातली चूल पेटवली, खापर ठेवलं आणि सगळ्यांसमोर गोळा हातावर घेतला. तो वीतभर पसरला, हातभर पसरला. मग मनगटावर घेऊन फिरवताना बाईंचं तोंड वाकडं झालं, हात खाली गेला, आणि मांडा अर्धा खापरावर, अर्धा राखेत पडला.

बराच वेळ पुरण जळल्याचा वास येत राहिला.

"अक्का," लताबाई शेवटी हळूच म्हणाल्या, "मग लग्नाचं मी भिकुबाईंना विचारते. तुमच्या हाताला ताण नको." आणि त्या निघून गेल्या.

रुपचंदनं कॉलर नीट करून दिली. पण इतक्या लांब येऊन चूक कबूल करणं त्याला जड जात होतं. "म्हणजे दाजी," तो म्हणाला, "हात तुम्हीच मोडला तिचा. फक्त वेळ जास्त घेतला. इतकी वर्षं मळायला लावलं."

"तुझ्या शाळेच्या डब्याच्या भाकरी मीच थापायची," सुनंदाबाई चुलीकडे पाहत म्हणाल्या. "माय मेल्यापासून. तेही धर की त्यात."

रुपचंदनं चहा घेतला नाही. भाऊबंद जीपमध्ये जाऊन बसले.

सगळे गेल्यावर नानांनी राख भरली, खापर उतरवलं. मग बायकोसमोर येऊन बसले. त्या महिन्यातलं त्यांचं ते सर्वांत मोठं बोलणं होतं. "त्यानं विचारलं तेव्हा तू गप्प काबरं राहिली?"

सुनंदाबाई खोटं बोलू शकल्या असत्या. "लताबाई समोर बसली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही सोसून घ्याल."

नाना उठले. आत जाऊन त्यांनी शेकासाठी पाणी तापवलं आणि भगुणं आणून बायकोपुढे ठेवलं. सुनंदाबाईंनी हात घातला. पाणी रोजच्यापेक्षा चांगलंच कढत होतं. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे नेहमीसारखंच काही दिसत नव्हतं. त्यांनी हात तसाच पाण्यात ठेवला.