जांभळ्या झाकणाचा सोमवार

ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये, असं बाबांनी मला बजावलंय. तशी मी फारसं बोलतच नाही. पण लिहू नकोस असं ते म्हणालेले नाहीत.

बाबा गावच्या फुटबॉल क्लबाचे ताकदीचे कोच आहेत. म्हणजे खेळ शिकवणारा कोच वेगळा. खेळाडू शेवटपर्यंत धापा न टाकता पळले पाहिजेत, ही बाबांची जबाबदारी. (स्वतः बाबा दुधाची बाटली आणायलाही गाडी काढतात.) मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबात मदतनीस कोचाची जागा निघाली होती आणि तिथले फेअरली साहेब सोमवारी सकाळी बाबांचं काम बघायला येणार होते. टायरच्या दुकानातली नोकरी सोडल्यापासून बाबा याच दिवसाची वाट बघत होते.

साहेबांना बर्फस्नान दाखवायचं असं ठरलं. सामन्यानंतर खेळाडूला बर्फाच्या पाण्यात बसवलं की दुखरे स्नायू शांत होतात. पण क्लबातला टब शनिवारीच टँक बसल्यावर तडकला होता. टँक म्हणजे कर्ट, आमच्या संघाचा गोल मारणारा पहाड.

"आपला काचेचा डबा आहे की!" बाबा म्हणाले. "नवा कोरा, चाकांचा. टँक मावेल."

"गॅव्हिन, तो कचऱ्याचा डबा आहे," आई म्हणाली.

"काचेचा कचरा स्वच्छ असतो. आणि आज जांभळ्याची गाडी नाही ना?"

"नाही. ती पुढच्या सोमवारी."

आमच्याकडे कचऱ्याला लाल झाकण, कागद-पत्र्याला पिवळं आणि काचेला जांभळं. कुठल्या सोमवारी कुठला रंग, हे आईखेरीज गल्लीत कुणालाच ठाऊक नसतं. पहिलं घर जो डबा बाहेर काढतं तोच बाकीची घरं खिडकीतून बघून काढतात.

साहेबांना गाडीतून उतरताच दिसावा म्हणून बाबांनी जांभळा डबा अगदी रस्त्याच्या कडेला मांडला. त्यात बर्फ ओतला, पाणी सोडलं आणि टँकला आत उतरवलं.

"कोच, माझे पाय गेले."

"आहेत, आहेत. दिसत नाहीत एवढंच."

"मिसेस पेलिंग दिसल्या तर मला सांगा हं. पाठ धरली म्हणून सुट्टी घेतलीये मी." मिसेस पेलिंग आमच्या शेजारीण, क्लबाच्या अध्यक्ष आणि टँक ज्या बेकरीत काम करतो तिच्या मालकीण.

बाबा आणखी बर्फ आणायला आत गेले आणि परत येऊन बघतात तर काय, गल्लीभर जांभळे डबे! दोन्ही बाजूंना ओळीने उभे. बाबांना घाम फुटला.

"जेनीन! अगं, आज जांभळाच आहे! सगळ्यांनी बाहेर काढलेत!"

"ते तुझा बघून काढलेत!" आई खिडकीतून ओरडली.

"सगळी गल्ली कशी चुकेल?"

तेवढ्यात साहेबांची गाडी थांबली. त्यांनी डब्यांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि टोपीच काढली.

"अख्खा संघ एकाच वेळी? शाब्बास!"

बाबांना काही कळेना, म्हणून त्यांनी मान डोलावली. साहेबांनी कौतुकाने समोरच्या घरच्या डब्याचं झाकण उघडलं. "कसं वाटतंय, बाळा?" आत बाटल्या होत्या. बाळ काही बोललं नाही.

इकडे मिसेस पेलिंग टोपलीभर जॅमच्या बरण्या घेऊन आल्या. त्यांना बघताच टँकने डोक्यावर झाकण ओढून घेतलं.

"जेनीन, माझा डबा भरला गं, तुमच्यात टाकते," म्हणत त्यांनी झाकण उघडून पहिली बरणी सोडली.

"आई गं!" डबा म्हणाला.

मिसेस पेलिंगनी आत वाकून पाहिलं. "कर्ट? तुझी पाठ धरली होती ना?"

"हो ना... म्हणून तर गार ठेवलीये."

आवाज ऐकून साहेब धावत आले आणि त्याच क्षणी कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी वळली. "टँक, बाहेर हो! उचलेल ती!" असं ओरडत बाबांनी डबा आडवाच केला. टँक, बर्फ आणि बरणी असे तिघेही साहेबांच्या नव्या बुटांवर येऊन पोचले.

गाडीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "आज पिवळ्याचा वार! पिवळे कुठायत?"

अख्खी गल्ली बाबांकडे बघू लागली.

साहेब मात्र भला माणूस. बुटातलं पाणी ओतत ते म्हणाले, "पुढच्या सोमवारी परत येतो. पण एक अट. खेळाडूला बसवता त्यात आधी स्वतः बसून दाखवायचं."

तो सोमवार आज आहे. साहेब यायच्या आत सराव हवा म्हणून बाबा मघाशीच डब्यात उतरलेत, त्याच जागी, रस्त्याच्या कडेला. आज गल्लीत पुन्हा सगळे जांभळे डबे बाहेर आहेत आणि या खेपेला गल्ली बरोबर आहे. हे बाबांना जाऊन सांगावं असं माझ्या मनात कधीचं आहे, पण ते इतक्या रुबाबात बसलेत की मला—

"टिली! साबण घेऊन पळत ये! तुझा बाबा अडकलाय, आणि कोपऱ्यावर गाडी वळलीये!" आई ओरडतेय.