दिल्लीच्या कानटोप्या

गेनूअण्णा दुसऱ्याला आलेलं पाकीट फोडण्याआधी त्याचा वास घेत. आधी तळहातावर तोलत, मग नाकाशी नेत, डोळे मिटत आणि निकाल देत, "लबाडी हाय." निकाल बहुधा हाच असे. एकदा कुणाच्या तरी लग्नाचं निमंत्रण आलं, तर तेही हुंगून म्हणाले, "इतक्या अगत्यानं कुणी बोलावत न्हाई. कायतरी हाय ह्यात."

चिंचवड स्टेशनात पार्सलबाबू म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावरही पार्सल ऑफिसातल्या बाकावर रोज जाऊन बसत. मावळातला माणूस, बायको वारलेली, मूलबाळ नाही. आमची त्यांची भिंत एक. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला तेव्हा मी रत्नागिरीहून तिथं कारकून म्हणून आलो. त्यांच्या शेजारच्या खोलीत बिऱ्हाड केलं आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्या नाकाला भरपूर काम पुरवलं.

कारण 'घरबसल्या कमवा' अशी जाहिरात दिसली की माझा हात आपोआप पोस्टकार्डाकडे जाई. लिहिणाऱ्यानं मला नजरेसमोर ठेवूनच लिहिलंय, असं वाटे. सुगंधी साबण घरी करण्याचं सामान मी व्ही.पी.नं, पोस्टमनच्या हाती पैसे मोजून, मागवलं. साबण झाला, पण तो पाण्याला दाद देईना. शेवटी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावला, तिथं त्यानं उत्तम काम दिलं. अण्णा येता-जाता त्या साबणाकडे बघत आणि म्हणत, "सावंतराव, इंजिन मागं लागलंय."

हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणजे असं, की काम करणाऱ्याला मालकानं पैसे द्यायचे असतात. जिथं काम करणाराच आधी मालकाला पैसे पाठवतो, ती गाडी कुठं जायची? "आन् आधी शिक्का बघत जा," ते सांगत. "कागदावर छापलंय मुंबई, शिक्का हाय भलत्याच गावचा. पत्ता म्हंजे नुसता पोष्टाच्या पेटीचा नंबर. माणूस पेटीत ऱ्हातो व्हय?" मी मान डोलवी. मनात म्हणे, रेल्वेच्या माणसाला व्यापारातलं काय कळणार?

मग दिल्लीच्या एका विणकाम कंपनीचं पत्रक आलं. आधी अनामत पाठवा, लोकर, सुया आणि नमुना आम्ही पाठवू, तुम्ही कानटोप्या विणा, सगळा माल आम्ही विकत घेऊ. अण्णांनी पत्रक हुंगलं आणि काही न बोलता परत दिलं. इतकी त्यांची खात्री होती. मी अर्थात अनामत पाठवली.

या वेळी मला नुसती हाव नव्हती, हे मात्र सांगायला हवं. माझी बायको सुलभा भरल्या घरातून आलेली. इथं मी कारखान्यात गेलो की ती दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या उजाड माळाकडे बघे. बोलणं कमी झालं होतं, जेवणही कमी झालं होतं. मला त्याची भीती वाटायला लागली होती. लोकर आली, जांभळी, डोळ्यात भरेल अशी. तिनं सुया हातात घेतल्या आणि आठवड्याभरात आमच्या घरात गुणगुणणं ऐकू यायला लागलं. कारखान्याच्या भोंग्याच्या आधी उठायची, शेजारणीला टाके शिकवायची. पहिलं गाठोडं मी स्वतः स्टेशनात नेऊन दिल्लीच्या पत्त्यावर लावलं. बाकावरून अण्णा बघत होते.

आणि काय सांगू, पैसे आले. चक्क मनीऑर्डर. खाली दोन ओळी: माल पसंत आहे, पाठवत राहावे. मी सगळ्या चाळीला चहा पाजला आणि चारचौघांत विचारलं, "काय अण्णा, इंजिन पुढं लागलं की नाही?"

अण्णांनी कान खाजवला. "व्हय," म्हणाले, "चुकलो म्या."

ते कधीच चुकत नसत, निदान कबूल तरी करत नसत. त्यामुळे माझा विजय फारच मोठा झाला. पुढं तर तेच म्हणाले, स्टेशनात माझी रोजची चक्कर असते, गाठोडी मीच लावत जाईन. येताना कंपनीची नवी लोकरही तेच काखेत मारून आणत. हरलेला माणूस नमतो तो असा, असं मी सुलभाला समजावून सांगितलं. ती टाके मोजत होती.

पुढच्या थंडीत एका सहकाऱ्यासाठी मुलगी बघायला खेडला जाणं झालं. आता त्याला राजगुरुनगर म्हणतात. मोशीहून एस.टी.नं गेलो. बाजाराचा दिवस होता. उतरलो तर समोरून एक पोर जांभळी कानटोपी घालून आलं. मागून त्याची आजी, तीही जांभळ्या टोपीत. पलीकडे बैलांच्या सौद्यात उभे असलेले दोघंही तसेच. माझी छाती फुगली. आपला माल दिल्लीला जाऊन पार खेडपर्यंत आला. कंपनीनं इथं शाखा काढली असणार, तेव्हा साहेबांना भेटून ओळख द्यावी, असं मी ठरवलं.

शाखा कांद्यांच्या ढिगाशेजारी होती. गोणपाटावर टोप्या मांडलेल्या आणि मागं नोकरीतला काळा कोट घालून गेनूअण्णा ओरडत होते, "दिल्लीचा माल, दिल्लीचा माल."

मला बघून ते थांबले. थोडे सरकले. "बसा सावंतराव."

मी बसलो. "कंपनी?" मी विचारलं.

"पयलं गाठोडं स्टेशनात परत आलं. त्या पत्त्यावर कुणीच न्हाई."

"मग मला सांगायचं होतं. चार शिव्या द्यायच्या."

"सांगायलाच आलतो. दारापर्यंत आलो. सूनबाई आत गुणगुणत हुती." त्यांनी एक टोपी उगाच सारखी केली. "आमच्या हिनं बी मागवलं हुतं एकदा. मणी ओवायचं काम. म्या म्हनलं हुतं, लबाडी हाय. तशी ती निघाली. मग स्टेशनात समद्यांना सांगत सुटलो, बघा, आमची बायको कशी फसली. लोकं लई हसली. तिच्या कानावर गेलं. त्या दिसापासनं तिनं कशाला म्हणून हात लावला न्हाई. नुसती बसून ऱ्हायाची. जाईस्तवर." मग म्हणाले, "बरोबर हुतो, सावंतराव. लई बरोबर हुतो म्या."

एका बाईनं टोपीचा भाव विचारला. भाव मीच सांगितला.

घरी येताना मी ठरवलं, सुलभाला यातलं काही कळू द्यायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सगळं माहीत असलेला माणूस मी होतो. त्या अभिमानात पुढचं गाठोडं न्यायला वाकलो, तर वरच एक लांब, कॉफी रंगाचा मफलर.

"हा कशाला? नमुन्यात नाही हा."

"कंपनीच्या मालकांना," सुलभा म्हणाली. "रात्री फार खोकतात. भिंतीतून ऐकू येतं."

मी गाठोडं खाली ठेवलं. "तुला कधी कळलं?"

"पहिल्या मनीऑर्डरीला. शिक्का खेडचा होता. अण्णा नेहमी सांगत नव्हते का, आधी शिक्का बघा म्हणून?"

"मग विणत कशाला राहिलीस?"

"बाजाराच्या दिवशी ते दाढी करतात, कोट घालतात, घाईनं निघतात. बाकीच्या दिवशी बाकावर कसे बसलेले असतात, बघितलंयत तुम्ही?"

मी बघितलं नव्हतं. त्या दोघांच्या मधला हमाल तेवढा मी होतो. गाठोडं उचललं आणि शेजारी गेलो.

अण्णा उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी गाठोडं हातात तोललं. "आज जड लागतंय."

"मालकांसाठी काहीतरी आहे म्हणे," मी म्हणालो.

त्यांनी गाठ सोडली. मफलर बाहेर काढला, सवयीनं तळहातावर तोलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी नाक बाहेर काढलं नाही.

"खरं हाय," ते म्हणाले.