अंशतः ढगाळ, सबब अंशतः दोषी

ज्या नोंदीत हवामान नाही ती नोंद अपुरी, हे सत्य मानवजातीला फार उशिरा उमगले. सिमेंटच्या गोदामातल्या भांडारपालांना ते त्यांच्या मेहुण्याने सांगितले. मेहुणा संगणकातला जाणकार होता (म्हणजे घरी रिकामा असे). एका रविवारी त्याने भावजींच्या डिजिटल वहीत एक साचा बसवला आणि साच्यामागे एक स्क्रिप्ट सोडली. तारीख टाकली की खाली हवामान आपोआप उमटू लागले: तापमान, वारा, पाऊस आणि शेजारी छोटेसे चित्र.

भांडारपाल हरखून गेले. पहिल्या महिन्यात त्यांनी तीनशे बारा नोंदी केल्या. त्यांपैकी नऊ गोदामाविषयी होत्या.

सात तारखेला मुसळधार पाऊस आला. भांडारपालांनी तातडीने नोंद केली, पाऊस नीट उमटला का ते पाहिले, चित्रातला ढग जरा मोठा हवा होता असे त्यांना वाटले, आणि या गडबडीत ताडपत्री टाकायची राहिली. चारशे गोण्या भिजून दगड झाल्या. चौकशी लागली. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली आणि नोकरी जायची वेळ आलेली. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले (गोण्यांतले पळाले नाही).

सुनावणीच्या दिवशी लख्ख ऊन होते. चौकशी अधिकाऱ्यांनी सात तारखेची नोंद उघडायला लावली. नोंदीत होते: स्वच्छ ऊन, पाऊस शून्य.

भांडारपाल स्वतःच चक्रावले. झाले होते असे, की मेहुण्याच्या स्क्रिप्टला ताजे हवामान आणता येई, पण जपून ठेवता येत नसे. नोंद केव्हाचीही असो, उघडली की तिच्यात त्या क्षणाचे हवामान भरे. मेहुणा याला ‘लाइव्ह’ म्हणे.

“पण त्या दिवशी मी स्वतः भिजलो होतो,” अधिकारी पुटपुटले.

“त्याचा काही लेखी पुरावा, साहेब?” भांडारपालांनी नम्रपणे विचारले.

नव्हता. गोण्या कोरड्या हवेत स्वेच्छेने भिजल्या, असा अंतरिम निष्कर्ष निघाला.

दुसऱ्या सुनावणीला पाऊस लागला. तीच नोंद आता मुसळधार निघाली आणि भांडारपाल पूर्ण दोषी ठरले. त्यांनी फेरसुनावणी मागितली. तेव्हा धुके होते. जबाबदारी कोणाची ते स्पष्ट दिसत नाही, असा शेरा पडला. मग मात्र भांडारपाल तारखेच्या दिवशी उठल्याबरोबर खिडकी गाठू लागले आणि ढग दिसला की पोटदुखीचा अर्ज धाडू लागले.

“अहो, किती दिवस पोट दुखणार तुमचं?” बायको म्हणाली. “माझ्या भावाला सांगून ते एकदाचं नीट करून घ्या की.”

“नीट केलं तर खरं दिसेल गं,” ते म्हणाले. ते मनापासून घाबरले होते.

अखेरची तारीख काही टळली नाही. त्या दिवशी आभाळ धड उघडे नव्हते, धड भरलेलेही नव्हते. निकाल लागला: अंशतः ढगाळ, सबब अंशतः दोषी. नोकरी वाचली. गोदाम गेले आणि जिन्याखालचे टेबल आले (आदेशातले कारण: हवापालट).

ही पद्धत वरिष्ठांना इतकी पटली, की सर्व कर्मचाऱ्यांचे वार्षिक गोपनीय अहवालही याच साच्यात लिहायचे ठरले.

आपण हसलात, हे बरेच झाले. गेल्या वर्षी आपल्याला ‘समाधानकारक’ असा शेरा मिळाला, तो साहेबांनी आपले काम पाहूनच दिला, असे आपण अजून घरी सांगता ना?