उत्तेजकविरोधी जावई

"ज्या मंडळाचा उत्तेजकविरोधी प्रमुख मी आहे ना, तिथं सायकलच्या ट्यूबमधली हवासुद्धा तपासून भरली जाते!"

हे वाक्य अविनाशरावांनी मलकापुरात इतक्यांना ऐकवलं होतं की, त्यांच्या टाइल्सच्या दुकानात बाथरूमची फरशी घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही ते पाठ म्हणून दाखवायचं. राजूर घाट सायकल मंडळाची वर्षातून एक शर्यत. मलकापुरातून सुटायची, मोताळ्यावरून घाट चढायची आणि बुलढाण्यात संपायची. इथे चमकलेल्यांना राज्याच्या निवड चाचणीचं बोलावणं यायचं, म्हणून पोरंपोरी घाटात जीव टाकायची. त्यांनी भलतंसलतं घेऊन जीव टाकू नये, हे पाहायला अविनाशराव होते.

आता या पदाला त्यांची पात्रता काय? मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव, मोठे जिनिंगवाले. अविनाशराव गुलाबरावांचे जावई. झालं! यापेक्षा भक्कम पात्रता अजून कुठल्याच मंडळाला सापडलेली नाही. सायकल त्यांनी शेवटची चालवली ती कॉलेजात, आणि तीही चोरीला गेली तेव्हा त्यांना मनातून हायसंच वाटलं होतं.

कारभार मात्र कडक! गेल्या वर्षी रोहिणखेडचा शिवम सगळ्यांच्या आधी घाट चढून आला आणि त्याच्या नमुन्यात काहीतरी सापडलं. चार दिवस खोकला होता, म्हणून आईने गावातल्या दुकानातून बाटली आणून पाजली होती.

"सर, मायनं पाजलं. त्याच्यात काय असते, मले काय मालूम?" शिवम रडकुंडीला आला होता.

अविनाशरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आईनं पाजलं की मावशीनं, ते आपण पाहत नाही. पोटात गेलं ते तुमचंच!"

वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की, त्यांनी त्याचा फ्लेक्स करून घेतला. एका बाजूला बोट उगारलेले अविनाशराव, दुसऱ्या बाजूला ठसठशीत अक्षरांत 'पोटात गेलं ते तुमचंच!' शिवमवर बंदी आली. किती दिवस? तर समिती ठरवील तोवर. समिती म्हणजे अविनाशराव, आणि वर्ष उलटलं तरी समितीला सवड मिळाली नव्हती. पोरगं दर महिन्याला दुकानात येऊन विचारायचं आणि फरशीचे नमुने पाहून परत जायचं.

या वर्षी शर्यत नेमकी अधिक महिन्यात आली. शर्यतीच्या आदल्या दिवशी जिनिंगच्या शेडमध्ये सभा भरली. गुलाबरावांचं भाषण उन्हासारखं चढत चाललं होतं, तेवढ्यात साखरखेर्ड्याच्या कोकिळा मॅडम उभ्या राहिल्या. त्या तिथल्या शाळेत खेळ शिकवायच्या आणि त्यांच्या पोरी सायकल अशी हाणायच्या की, पोरं रस्ता सोडायची.

"एक विचारू का? नेमणारे सासरे, तपासणारे जावई. मग जावयाला कोण तपासतंय?"

शेडमध्ये खुसफूस सुरू झाली. मागे भिंतीला टेकून शिवम उभा होता. तो पहिल्यांदाच सरळ उभा राहिला.

"विश्वास बसंल असं काही करा," मॅडम म्हणाल्या, "नाहीतर उद्या आमच्या पोरी रेषेवर उभ्या राहणार नाहीत. आणि आमचं पाहून बाकीचेही राहणार नाहीत."

आता दुसरा कोणी असता तर पाण्याचा घोट घेऊन विषय बदलता. पण अविनाशरावांच्या अंगात मोठेपणा शिरला. ते ताडकन उठले. "सगळ्यात आधी माझा नमुना घ्या! इथंच! सगळ्यांसमोर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुलाबरावांनी उपरण्याने डोळे टिपले. अगदी सगळ्यांसमोर घेण्यासारखा तो प्रकार नव्हता, म्हणून अविनाशराव शेडमागे जाऊन आले आणि उद्याच्या तपासणीसाठी किट घेऊन आलेल्या लॅबवाल्याच्या हाती डबी दिली. लॅबवाल्याने तीत पट्टी बुडवली. सगळं मंडळ टेबलाभोवती वाकलं.

पट्टीवर एक रेघ उमटली.

"एकच रेघ!" गुलाबराव गरजले. "काहीच नाई! आमच्या पोरीले, मंजुश्रीले, दोन आल्या, तवा कुठं पेढे वाटले व्हते आपण!"

"साहेब, ते किट अलग," लॅबवाला हळूच म्हणाला. "याच्यात दोन रेघा म्हणजे माणूस साफ. एक म्हणजे... अफू हाये."

अफू! मंडळाच्या इतिहासात आजवर खोकल्याच्या बाटलीपेक्षा कडक काही सापडलं नव्हतं. अविनाशरावांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली. "किट खराब आहे! दुसरी पट्टी लावा!"

दुसऱ्या पट्टीवरही एकच रेघ. मग कोकिळा मॅडमनी स्वतःचा नमुना दिला. त्यावर दोन ठळक रेघा आल्या.

"किट चांगलं आहे की, सर," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्या हेच किट लेकरांना लावणार होतात ना तुम्ही?"

लॅबवाल्याला अविनाशरावांची दया आली. त्याने विचारलं, "साहेब, काल-आज काय खाल्लं तुमी? खसखसगिसखस काही? ते जास्त पोटात गेलं तं असं दाखवते कधी कधी."

आणि अविनाशरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अनारसे! अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं म्हणून कालच सासूबाईंनी, म्हणजे अन्नपूर्णाबाईंनी, तांब्याच्या ताटात दिवा लावून त्यांना तेहेतीस अनारसे दिले होते. एकेकाच्या पाठीवर खसखशीचा थर! मंजुश्री म्हणाली होती, "लेकरांसाठी ठेवा दोन-चार." पण वाण जावयाचं असतं, हा शास्त्रार्थ सांगून अविनाशरावांनी रात्रीपर्यंत ताट उतरवत आणलं होतं आणि उरलेले आज सकाळी चहाबरोबर संपवले होते.

"सासूबाईंनी दिलं!" ते आनंदाने ओरडले. "माझी काही चूक नाही! सासूबाईंच्या अनारशातून आलं सगळं!"

गुलाबरावांचं घर जिनिंगच्या आवारातच. बातमी शेडमधून ओसरीवर पोचेपर्यंत तिला चांगलाच रंग चढला. जावयाने भरसभेत सांगितलं की, सासूने अफू चारली! अन्नपूर्णाबाई पदर खोचून थेट शेडमध्ये आल्या. त्यांच्या मागून सून भलामोठा डबा घेऊन आली.

"माह्या अनारशात अफू? तीन दिवस तांदूय भिजू घातले, रोज पाणी बदललं, या उन्हाच्या तडाख्यात चुलीपाशी बसली, अन् तुपात अशी जाळी पडली एकेकाले! अन् जवाईबापू, तुमी मले अफूवाली म्हणून राह्यले?"

"आई, तसं नाही हो..."

"मंग कसं?"

कोकिळा मॅडमनी नुसतं वर टांगलेल्या त्याच फ्लेक्सकडे बोट दाखवलं. फ्लेक्सवरच्या अविनाशरावांचं बोट खालच्या अविनाशरावांवर रोखलेलं होतं. "आईनं दिलं की सासूनं, ते आपण पाहत नाही ना, सर? अनारशाला माफी असंल तर खोकल्याच्या बाटलीलाही पाहिजे. नाहीतर दोघांना सारखीच बंदी."

"काहीतरीच काय!" अविनाशराव उसळले. "बाटली दुकानातून आणलेली. अनारसे ही आपली संस्कृती आहे! पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली!"

"सर," मागून शिवम म्हणाला, "आमच्या घरी खोकला बी पिढ्यान्‌पिढ्या हाये."

सभा खदखदून हसली. अन्नपूर्णाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डबा दाणकन टेबलावर ठेवला. "आता माह्या हातचं खरंखोटं इथंच होऊ द्या. खा सगळेजण, अन् मंग लावा ते पट्ट्या!"

एवढं मोठं संशोधन मंडळाने याआधी कधी हाती घेतलं नव्हतं. एरवी सभेला न येणाऱ्या सभासदांना फोन गेले आणि नवल म्हणजे सगळे आले. गुलाबरावांनी विज्ञानासाठी चार खाल्ले आणि शंका राहू नये म्हणून आणखी दोन. बातमीसाठी आलेल्या पत्रकारांनी सत्य शोधण्यासाठी खाल्ले. लॅबवाल्याने किटचा अंदाज यावा म्हणून खाल्ले. कोकिळा मॅडमनीही एक चाखला आणि बाजू नीट समजून घेण्यासाठी पुन्हा डब्यात हात घातला. "काही म्हणा, झालेत फक्कड!" त्या म्हणाल्या.

अन्नपूर्णाबाई डबा घेऊन शिवमपाशी आल्या. "घे रे बाळा."

"नोको, आजी."

"काऊन? तुले बी अफू वाटते का?"

"तसं नाई. मागच्या वर्षीपासून शर्यतीच्या आधी मी कोणाच्याच हातचं खात नाई. मायच्या बी नाई. माह्यं मीच रांधून खातो." तो खाली पाहत म्हणाला, "माय रडते त्याच्यापायी. म्हणते, म्याच तुह्यं वाटोळं केलं."

"पण बंदी हाये ना तुह्यावर? मंग कोन्ती शर्यत?"

"कधी उठन काय सांगता येते, आजी? तयार राहिलेलं बरं."

अन्नपूर्णाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

दुपार कलल्यावर पट्ट्या बुडाल्या. गुलाबराव, एक रेघ! उपाध्यक्ष, एक रेघ! पत्रकार, एक रेघ! कोकिळा मॅडम, सकाळी दोन होत्या, आता एक! लॅबवाल्याने स्वतःची पट्टी पाहिली आणि गुपचूप खिशात घातली.

"बघा!" अविनाशराव नाचायचेच बाकी राहिले. "सगळेच सापडले! म्हणजे मी निर्दोष!"

हा युक्तिवाद मोठमोठ्या मंडळांत चालतो म्हणतात. पण इथे कोकिळा मॅडम होत्या. "तुमचाच नियम आहे, सर. ज्याच्या नमुन्यात काही सापडलं, तो खेळाडू असो की पदाधिकारी, त्यानं शर्यतीच्या रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. मीही सापडले. मीही येणार नाही. बोला, शर्यत कोण घेणार?"

जो तो अनारसे खाऊन बसलेला. शेडभर नजर फिरवली तेव्हा दोनच माणसं कोरी उरली होती. एक शिवम. दुसऱ्या अन्नपूर्णाबाई! महिनाभर एकभुक्त होत्या आणि करताना चाखून पाहायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. तरी लॅबवाल्याने दोघांना पट्टी लावली. दोघांच्या दोन-दोन रेघा!

गुलाबरावांनी पत्नीचं नाव सुचवलं, सभेने टाळ्या वाजवल्या. जावयाच्या नेमणुकीवर शंका होती, म्हणून अध्यक्षांनी घरातल्या घरात एवढी पारदर्शकता आणली. ज्या हातांनी अख्ख्या मंडळाला अफू चारली, त्याच हातांत उत्तेजकविरोधी समिती आली.

नव्या प्रमुखांनी कारभार उभ्याउभ्याच उरकला. "लेकराले खोकला झाला तं माय औषध पाजनच! उठली याची बंदी. उद्या तू शर्यतीत पयशीन, अन् घरी जाऊन मायच्या हातची भाकर खाशीन. खोकल्याची बाटली तेवढी आंधी मले दाखवत जाय."

शिवमने त्यांचे पाय धरले. अविनाशरावांनीही आशेने एक पाऊल पुढे टाकलं. "आणि माझं, आई?"

"तुमचं काय? त्याचं वर्ष गेलं तुमच्यापायी. अन् मले भरसभेत अफूवाली म्हटलं ते अलग. पुढचा अधिक महिना लागेस्तोवर मंडळाच्या दारात यायचं नाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे, मंडळाच्या इतिहासात प्रथमच, शर्यत ठरल्या वेळी सुटली. जुना पदाधिकारी एकही नाही, त्यामुळे भाषण नाही, हार नाही, पाहुण्यांची वाट पाहणं नाही. अन्नपूर्णाबाईंनी झेंडा हलवला आणि पोरं सुटली. साखरखेर्ड्याची एक पोरगी पहिली आली, शिवम दुसरा. त्याला निवड चाचणीचं बोलावणं आलं आणि नमुन्यावर दोन रेघा आल्या. अविनाशरावांनी सुरुवात पाहिली ती दुकानाच्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीआडून.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. आवाज मऊ होता.

"जवाईबापू, राग धरू नोका बरं. बंदी उठायच्या दिवशीच नवा अधिक लागते. पयले इकडंच या. वाण तयार ठेवतो."

बंदी संपेल त्याच दिवशी पुन्हा तेहेतीस! अविनाशरावांनी धीर गोळा केला आणि चाचरत विचारलं, "आई, तेवढे... खसखस न लावता केले तर?"

"बिनाखसखशीचा अनारसा?" समितीप्रमुखांचा आवाज आला. "बंदी वाढवू का?"