माणसं ताणू नका

धोंडीभाऊ कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या आधी रिमोट मागतात. निरगुडसरात ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. ते येताना दिसले की आमची बायको तांब्या बाजूला ठेवून आधी रिमोट शोधायला लागते. भाऊ खुर्चीवर टेकतात, टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरतात आणि रंग उतरवत बसतात. "समद्यांना कावीळ झालीय जणू. माणसाचा रंग माणसावानी पायजे." बातम्या देणारी बाई हळूहळू माणसात आली की मग ते पाणी पितात.

एरवी माणूस साधा, कांदा पिकवणारा. पण जुन्या सिनेमाच्या चित्राशी कुणी खेळ केला की त्यांचं डोकं फिरतं. त्यातही ताणण्याचा राग फार. जुना सिनेमा चौकोनी. आताच्या लांबड्या टीव्हीवर त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या राहतात. एवढा मोठा टीव्ही आणून काळं काय बघायचं, म्हणून लोक चित्र ताणून घेतात. पिंपरी पेंढारला मेव्हण्यांकडे असलीच एक रुंदावलेली नायिका बघून भाऊ भरल्या ताटावरून उठले, "माणसं ताणू नका" म्हणत तिला पुन्हा सडपातळ केलं आणि मगच भाकरी मोडली. मेव्हणे अजून सांगतात, पावणं आमच्याकडं नाय येत, टीव्हीकडं येत्यात.

दुसरा शब्द दाणा. जुन्या फिल्मच्या चित्रात बारीक रवाळपणा असतो, त्याला भाऊ दाणा म्हणतात. डिस्क काढताना काही शहाणे चित्र स्वच्छ करायच्या नादात तोही पुसून टाकतात. "दाणा गेला की चेहऱ्याचं मेण व्हतं," हे भाऊ सांगतात ते अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणाच्या तरी घरी वाईट झालंय. मला हसू यायचं. पण खरं सांगतो, त्यांच्यामुळे मी चित्र बघायला शिकलो.

भाऊ एवढं सगळं शिकले ते एका सिनेमापायी. काळापांढरा हिंदी सिनेमा, त्याचं थोडं शूटिंग आमच्या नदीवर झालं होतं. त्यात हंडे घेतलेल्या बायकांची रांग येते, तिसरी बाई वळून बघते आणि रांग निघून जाते. भाऊ लहान असताना त्यांची आई गेली. तिचा एकही फोटो नाही. पुढं गावात तंबूत हा सिनेमा लागला, तेव्हा माझ्या आईनं शेजारच्या या पोराला मांडीवर घेतलं होतं. ती वळलेली बाई दिसताच आईनं पडद्याकडं बोट केलं: ती बघ, ती तिसरी, तुझी आय. भाऊ नीट बघेपर्यंत रांग निघूनही गेली.

तेव्हापासून भाऊंना एकदा आईचा चेहरा नीट बघायचा होता. कॅसेट आणली, तिच्यात नुसता पांढुरका डाग. व्हीसीडीत चेहऱ्याच्या फरश्या झालेल्या. डीव्हीडी आणली, तर दाणा पुसलेला, चेहऱ्याचं मेण.

यंदा त्या सिनेमाची मूळ निगेटिव्ह साफ करून नवी ब्लू-रे निघाली. मी घोडेगावला पंचायत समितीत नोकरीला, म्हणून कुरिअर माझ्या ऑफिसात आलं. संध्याकाळी भाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बोलावलं. खिडकीला गोणपाट लावलेलं. मला खांद्याला धरून टीव्हीपासून बरोबर अंतरावर बसवलं. रांग आली. पाण्याचा थेंब न् थेंब दिसत होता. तिसरी बाई वळली आणि भाऊंनी चित्र थांबवलं.

"वळख," ते म्हणाले.

हनुवटीवर गोंदण, डाव्या भुवईत पडल्याची खाच, हसू दाबताना ओठ मुडपायची तीच सवय. गेल्या वर्षी गेलेली माझी आई समोर उभी होती, ऐन विशीतली. मला रडू आवरेना.

जरा वेळानं मी विचारलं, मग तुमची?

"काल रातीला हिशेब लावला. शूटिंग झालं तवा माझी आय अंथरुणाला खिळलेली व्हती. ती कशी जाईल नदीवर? तुझ्या आयनं आपली जागा मला दिली राव." भाऊ चष्मा पुसत राहिले. मग टीव्हीकडं मान करून म्हणाले, "काम मातर चोख केलंय. दाणा जपलाय. नायतर ती भुवईची खाच पुसून गेली असती."

आई मला याबद्दल कधी एक अक्षर बोलली नव्हती. देऊन टाकलेल्या गोष्टीबद्दल काय बोलायचं, असं तिला वाटलं असेल.

निघताना भाऊंनी डिस्क माझ्या हातात कोंबली. मी नको नको म्हणत होतो. "घिऊन जा. फकस्त घरी लावशील तवा आयला ताणू नको."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारावरून जात होतो. आतून ओळखीचं संगीत आलं म्हणून डोकावलो. खिडकीवर गोणपाट नव्हतं, ऊन थेट पडद्यावर पडलेलं. गोधडीत गुंडाळून ठेवलेला जुना व्हीसीआर बाहेर काढला होता आणि कॅसेट चालू होती. चित्र थरथरत होतं, वर मुंग्या, खाली आडव्या रेघा. भाऊ टीव्हीच्या अगदी जवळ, जिथं ते कुणाला बसू देत नाहीत तिथं बसले होते.

रिमोट त्यांच्या शेजारी पडला होता. त्याला त्यांनी हात लावला नव्हता.

मला बघून ते जरा सरकले आणि बाजूची जागा हातानं झटकली.

"बस," ते म्हणाले. "आता वळंल ती."